पंधरा ते पन्नास

दक्षिण दिल्लीतल्या ग्रीन पार्कमध्ये एका घराबाहेर डीआयए ६४७९ या नंबरची पांढरी मारुती ८०० बरीच वर्षं नुसती उभी होती. मारुतीने विकलेली ही पहिली गाडी. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी तिची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली, तो फोटो देशभर छापून आला. हरपाल सिंग इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. त्यांनी दुसरी गाडी घेतली नाही, २०१० मध्ये वारले तोवर हीच वापरली. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नीही गेल्या आणि गाडी उन्हापावसात उघडी पडली. पत्रा गंजला, टायर बसले, रंग उडाला. तिच्या त्या अवस्थेचे फोटो वर्तमानपत्रांत आले तेव्हा अनेकांना चटका बसला. पुढे कंपनीने ती नेली, मूळ सुटे भाग घालून नव्यासारखी केली आणि २०२२ मध्ये आपल्या दिल्लीच्या मुख्यालयात मांडली.

हे झालं ते फार चांगलं झालं. पण तिच्यामागे अख्खी कंपनी होती आणि ती ‘पहिली’ होती. सहाशेवी, साठ हजारावी गाडी कुणाच्या तरी दारात तशीच गंजत असते. तिच्यासाठी कुणी येत नाही. आलाच तर घरातलाच कुणीतरी येतो. ज्याला वडिलांची गाडी कबाडीला देववत नाही, किंवा ज्याचं लहानपण तिच्या मागच्या सीटवर गेलेलं असतं, असा कुणीतरी. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रात अशा माणसाने जुनी व्हॅन घरी उभी करायची ठरवली, तर त्याची गाठ दोन गोष्टींशी पडते. पहिली गंज. दुसरी गाडीचं वय. गंजावर इलाज आहे. वयाचं काय करायचं, हे सांगायला मात्र वेळ लागेल.

व्हॅनच का, ते आधी सांगतो. ८०० आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, गुरुग्रामच्या, म्हणजे तेव्हाच्या गुडगावच्या, त्याच कारखान्यातून मारुती व्हॅन बाहेर पडली. १९८८ पासून ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये, सुरक्षेचे नवे नियम आल्यावर, तिचं उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षं एकाच ठेवणीची गाडी. शाळेत मुलं सोडणारी, तालुक्याच्या गावी रुग्णवाहिका झालेली, भाजी, दूध, मंडपाचं सामान आणि वऱ्हाडी वाहणारी. सांगली-कोल्हापूरकडे किंवा विदर्भातल्या एखाद्या बाजारगावात आजही सरकता दरवाजा खाडकन ओढल्याचा आवाज आला की मान वळवून न पाहता गाडी ओळखता येते. ८०० विषयी खूप लिहिलं गेलं. ती मध्यमवर्गाच्या स्वप्नाची गाडी म्हणून. व्हॅनने काम केलं. आणि काम करणाऱ्या वस्तू कुणी जपून ठेवत नाही, त्या वापरून संपवतात. म्हणूनच १९८४-८५ ची, मूळ रूपातली व्हॅन आज ८०० पेक्षा दुर्मीळ झाली आहे, असं माझं मत आहे.

मराठी वाचकाला याच जातीची दुसरी गाडी आठवेल. पुण्याजवळच्या आकुर्डीची मॅटाडोर. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन या कंपनीशी करार करून तीनचाकी टेम्पो बनवायला घेतला आणि १९६९ मध्ये मॅटाडोर आणली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे मागची जमीन खाली आणि सपाट. पोती असोत की माणसं, चढवायला सोपी. नाटकमंडळींपासून पाववाल्यांपर्यंत सगळ्यांनी ती दामटली. तीही वापरून संपली. त्या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण धड अवस्थेतली जुनी मॅटाडोर पुण्यात शोधायची म्हटलं तरी आता वणवण करावी लागते.

आता गंज. दिल्लीत समुद्र नाही, हवेत मीठ नाही, वर्षाचे बरेच महिने कोरडे. त्यामुळे मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या गाडीपेक्षा दिल्लीची गाडी कमी सडते, असा समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. पण दिल्लीची धूळ विसरू नका. ती बारीक माती पत्र्याच्या पोकळ्यांत, सरकत्या दरवाज्याच्या खालच्या पट्टीत, छताच्या पन्हळीत जाऊन बसते आणि जुलै-ऑगस्टचं पाणी धरून ठेवते. वरून गाडी कोरडी दिसते, आत चिखल असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात तिथे तो त्यांना आतून फाकवतो आणि रंगाला फुगे येतात. फुगा दिसतो नखाएवढा, खालचा पत्रा गेलेला असतो तळहाताएवढा.

व्हॅनमध्ये हे ठिकठिकाणी होतं. समोरच्या काचेच्या रबराखाली. रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं आणि थेट पाय ठेवायच्या जागेत उतरतं. पुढच्या चाकांवरच्या कमानीत. व्हॅनमध्ये चालक जवळजवळ चाकांवरच बसलेला असतो, त्यामुळे उडालेला चिखल त्याच्या पायाखालच्या पत्र्यावरच आपटतो. दाराखालच्या पोकळ तुळईत. मागच्या दरवाज्याच्या तळाशी. मॅटखाली तर हमखास, कारण जाड मॅट एकदा ओली झाली की दिवसेंदिवस वाळत नाही. पहिली तपासणी करायला महागडं काही लागत नाही. एक बोथट स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि खालून टोचत जायचं. पत्रा टणक वाजला तर ठीक. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर खडूने गोल करायचा. ही तपासणी झाली की माणसाला खरा हिशेब कळतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. थांबण्यात काही कमीपणा नाही. अर्धवट उघडून ठेवलेली गाडी मात्र खरंच कुणाच्या कामाची राहत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गल्लीतला डेंटर गाडी पाहील आणि म्हणेल, आठवड्यात चकाचक करून देतो. तो भोकावर जाळी ठेवेल, वर लांबी भरेल, पॉलिश पेपर मारेल आणि रंग देईल. गाडी खरंच सुंदर दिसेल. पण लांबी ओल शोषते. एका पावसाळ्यात तीच जागा पुन्हा फुगते, आणि या वेळी आजूबाजूचा पत्राही घेऊन जाते. त्या कारागिराचा यात दोष नाही. त्याला विकायला काढलेल्या गाड्या चमकवायची सवय असते, गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याने सांगायचं की सडलेलं कापायचं, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं, आणि तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा जोडायचा. लांबीचा वापर फक्त शेवटी, कागदाइतका पातळ, पृष्ठभाग सपाट करण्यापुरता.

कापण्याआधीची एक पायरी घरी काम करणारे विसरतात. व्हॅनला वेगळा सांगाडा असा फारसा नाही. पत्र्याचं खोकं हाच तिचा आधार. दाराखालची तुळई कापली की ते खोकं किंचित वाकतं, आणि मग सरकता दरवाजा जन्मात नीट लागत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरपे जोडून ती आधी जखडून घ्यायची, मापं वहीत लिहायची, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. पातळ पत्र्याला गॅसची ज्योत लावली तर तो तापून लाटांसारखा होतो. मिग वेल्डिंगने एक ठिपका इथे, दुसरा लांब तिथे, मधे थांबून पत्रा गार होऊ देत काम करावं लागतं. बॅटरी सोडवून बाजूला ठेवायची. पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून दूर न्यायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ असते. तिला घरी वेल्डिंग कधीच करायचं नाही. आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरला तर जोडायच्या जागी तो घासून काढायचा, नाहीतर धुराने ताप भरतो.

त्यानंतर रसायनं. फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजनाशक लावलं की तांबूस गंज काळपट होतो. तो लोहाचा फॉस्फेट. पण हे पापुद्र्यावर लावून उपयोग नाही, आधी तारेच्या ब्रशने सैल गंज उतरवायला हवा. मग इपॉक्सी प्रायमर. आपल्याकडे खिडकीच्या गजांपासून सगळ्याला रेड ऑक्साइड लावायची पद्धत आहे, पण नुसता रेड ऑक्साइड ओल अडवत नाही, त्यावर लगेच रंग हवा. सांध्यांत सीलंट. आणि सगळ्यात शेवटी, रंग वाळल्यावर, तुळयांच्या पोकळीत पातळ मेण फवारायचं. हे मेण बाहेरून दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून वगळलं जातं. माझ्या मते साऱ्या कामाचं आयुष्य त्या मेणावर आहे.

दिल्लीत या कामाला स्वतःचं पंचांग आहे. मे-जूनमध्ये आंधी येते. ओल्या रंगावर धुळीचा एक लोट बसला की आठवड्याचं काम गेलं. जुलै ते सप्टेंबर हवेत ओल, जुना नायट्रोसेल्युलोज रंग पांढुरका पडतो. ऑक्टोबरच्या शेवटी धूर सुरू होतो आणि प्रदूषणाच्या पायऱ्या चढत गेल्या की जनरेटरवरही बंदी येते. जानेवारीत थंडीने रंग वाळत नाही. उरतात फेब्रुवारी-मार्च. तेव्हा आकाश निवळलेलं असतं, ऊन सोसवतं. रंगाचं काम तेव्हा, आणि बाकीच्या महिन्यांत कापणं, जोडणं, इंजिन, वायरिंग. आधुनिक दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतात, ती फुप्फुसांना इजा करतात. गॅरेजच्या दाराला चादर लावून साध्या मास्कवर ते मारणं चूक आहे. रंगाचा शेवटचा हात शेडमध्ये द्यावा, बाकी सगळं घरी करावं.

सुट्या भागांच्या बाबतीत व्हॅनवाला नशीबवान. तिचं ७९६ घनसेंटीमीटरचं तीन सिलिंडरचं इंजिन ८०० मध्येही होतं. ८०० निघत होती २०१४ पर्यंत, ओम्नी २०१९ पर्यंत. त्यामुळे पिस्टन, गॅस्केट, पाण्याचा पंप, ब्रेकचे सिलिंडर काश्मिरी गेटच्या बाजारात आजही मिळतात. तिथल्या अरुंद गल्ल्यांत गाडीचं नाव न सांगता नुसता जुना भाग काउंटरवर ठेवला तरी चालतं; दुकानदार हातात घेतो, उलटा करतो आणि मुलाला वरच्या माळ्यावर पाठवतो. अवघड जातं ते पहिल्या वर्षांतलं खास सामान: तेव्हाचे दिवे, डॅशबोर्ड, बाहेरची अक्षरं. त्यासाठी मायापुरीच्या भंगारबाजारात चकरा, आणि बऱ्याचदा दुसरी एक मेलेली व्हॅन. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीट उचलून, गाडीच्या आत बसून कार्ब्युरेटर उघडता येतो. पावसात काम करणाऱ्याला याचं मोल कळतं.

पेट्रोलचं सांगायलाच हवं, कारण त्यात आपल्या उसाचा हात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठलं. साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पण इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले पडदे फुगवतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त जाणवतं. टाकीच्या तळाशी पाणी जमतं आणि गंज आतून सुरू होतो. नळ्या बदलाव्यात, इंधनाचा फिल्टर वारंवार पाहावा, आणि गाडी लांबकाळ उभी करायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

समजा हे सारं केलं. व्हॅन उभी राहिली, इंजिन गुरगुरलं, दरवाजा सरकला. आता ती न्यायची कुठे?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी १५ वर्षांपेक्षा जुनी वाहनं दिल्लीच्या रस्त्यांवर चालवायला मनाई केली. ७ एप्रिल २०१५ रोजी १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांनाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी हा नियम सबंध राजधानी क्षेत्रासाठी पक्का केला, म्हणजे गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद सगळेच आले. २०२५ मध्ये गोंधळ वाढला. १ जुलैपासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, ओरड झाली, ते थांबवलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयामुळे मालकांवर कडक कारवाई करू नका असं सांगितलं, आणि १७ डिसेंबरला हा दिलासा बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरताच ठेवला. १९८४ च्या व्हॅनच्या काळी बीएसच काय, प्रदूषणाची मानकंच नव्हती. ती कुठल्याच दिलाशात बसत नाही. घराच्या खासगी आवारात ती ठेवता येते. गल्लीत, सार्वजनिक जागेत उभी केली तर उचलून नेली जाऊ शकते. दिल्लीतल्या बहुतेक वसाहतींत गाड्या गल्लीतच उभ्या असतात. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं अंगण, त्यालाच हा छंद.

दुसऱ्या टोकाला केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. ते मनापासून केलेले आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. १९६४ पासून चालत आलेल्या स्टेट्समनच्या रॅलीत उतरणाऱ्या गाड्यांना अशा नियमाचा आधार हवाच होता.

पण पंधराव्या वर्षी रस्ता बंद आणि पन्नासाव्या वर्षी वारसा, यात मधली पस्तीस वर्षं गाडीने काय करायचं? संस्थानिकांची रोल्स-रॉइस ती वर्षं कोठीत काढू शकते. नोकरदाराची व्हॅन काढू शकत नाही. ती राजधानी क्षेत्राबाहेर विकली जाते किंवा तोडली जाते. म्हणजे आजच्या नियमाने २०३४ मध्ये जेव्हा पहिली मारुती व्हॅन पन्नाशीला येईल, तेव्हा ती जिथे जन्मली त्या गुरुग्राममध्ये नोंदणीला उभी राहायला गाडीच उरलेली नसेल, असं होऊ शकतं. उरतील त्या मोठ्या माणसांच्या मोठ्या गाड्या. गुरुग्रामपुढे तावडूला २०१३ मध्ये तरुण ठकराल यांनी हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उभं केलं, तिथे बैलगाडीपासून विमानापर्यंत सामान्यांची वाहनं प्रेमाने मांडली आहेत. हे संग्रहालय पाहिल्यावर माझी खात्री झाली की लोकांना साध्या गाड्या पाहायच्या असतात. पण एका संग्रहालयाने किती जपायचं?

हवेची बाजू मी हलकी मानत नाही. नोव्हेंबरातली दिल्लीची हवा ज्याने श्वासात घेतली आहे त्याला कार्ब्युरेटरची गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगी मागवणार नाही. उत्प्रेरक नसलेलं ते इंजिन एका किलोमीटरमागे आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त विष सोडतं. पण मागणी रोजच्या वापराची नाहीच. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेच्या, फिवाच्या व्याख्येत तीस वर्षं पुरतात. जर्मनीत तीस वर्षांची, नीट राखलेली गाडी ‘एच’ अक्षराची पाटी घेऊन शहरातल्या पर्यावरण क्षेत्रातही जाऊ शकते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांची गाडी ऐतिहासिक गटात नोंदवता येते आणि लंडनच्या प्रदूषण शुल्कातून सुटते. तीस वर्षांच्या मोजमापाने १९८४ ची व्हॅन २०१४ मध्येच ऐतिहासिक झाली असती. नेमक्या त्याच वर्षी दिल्लीत तिच्यावर बंदी आली.

आपल्याकडे एवढं तरी व्हावं: तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला वेगळी नोंद, वर्षाकाठी ठरावीक किलोमीटर, हिवाळ्यातल्या धुराच्या महिन्यांत पूर्ण बंदी, दर वर्षी तपासणी. धंद्याला अजिबात नाही. अशा गाड्या संख्येने इतक्या थोड्या असतील की दिल्लीच्या हवेला त्यांचा भार जाणवणार नाही. आणि मालकाला गाडी मूळ रूपात ठेवण्याचं कारण मिळेल. आज त्याला तसं काहीच कारण नाही. बंदच पडायची तर मूळ दिवे शोधत कशाला फिरायचं, असंच तो म्हणेल.

हे होईपर्यंत ज्यांच्या अंगणात व्हॅन आहे त्यांनी कागद सांभाळावेत. मूळ नोंदणीपुस्तक, जुने विम्याचे कागद, खरेदीची पावती असेल तर ती. पन्नाशीच्या नोंदणीला नोंदणीपुस्तक आणि विमा दोन्ही मागतात. चासीचा नंबर ज्या पत्र्यावर कोरलेला असतो तो तुकडा कधीही कापू नये, गंजला असेल तर जागच्या जागी साफ करून वर पारदर्शक लेप द्यावा. इंजिन बदलावं लागलंच तर मूळ ठोकळा तेल लावून, गुंडाळून घरात ठेवावा. प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह काढावेत, कारण काय बदललं आणि काय मूळ आहे, हे उद्या तपासणाऱ्यासमोर सिद्ध करायला दुसरा पुरावा नसेल. आणि महिन्यातून एकदा इंजिन चालू करून व्हॅन आवाराच्या आत चार हात पुढे, चार हात मागे घ्यावी. ब्रेक धरून बसत नाहीत, टायरला एकाच जागी चपटेपणा येत नाही.